अर्भकावस्थेतील प्रतिजैविकांचा वापर : आतड्यांचे आरोग्य व मेंदूची वाढ

प्रस्तावना :
२०२२ च्या अखेरीस मुंबई व मालेगावप्रमाणे भिवंडीतही गोवराची साथ पसरली होती. गोवर विषाणूजन्य आहे. प्रतिजैविके, म्हणजेच आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो ती औषधे, विषाणूंवर चालत नाहीत; ती जिवाणूंवर चालतात. मात्र गोवरापाठोपाठ जिवाणूजन्य न्यूमोनिया झाला, तर हीच औषधे बालकाचे प्राण वाचवितात. आपल्या यंत्रमागाच्या शहरात मुलाच्या आजारपणासाठी एक पाळी बुडविणेही अनेक कुटुंबांना परवडत नाही. साहजिकच 'लवकर गुण येणारे औषध' मागितले जाते. या औषधाची गरज केव्हा असते आणि ते विनाकारण दिल्यास काय घडते, याचा ऊहापोह करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

आतड्यातील सूक्ष्मजीवसृष्टी :
जन्मसमयी व जन्मानंतर बाळाच्या आतड्यात जिवाणूंची वस्ती होऊ लागते. मातेच्या दुधातील काही शर्करा बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या बायफिडोबॅक्टेरियम या उपकारक जिवाणूंचे अन्न आहेत. साधारणतः तीन वर्षांपर्यंत ही सृष्टी प्रौढांच्या सृष्टीसारखी होते. तत्पूर्वीचा काळ हा तिच्या जडणघडणीचा काळ होय. प्रतिजैविक रोगजंतू व उपकारक जिवाणू यांत भेद करीत नाही. परिणामी जिवाणूंची विविधता घटते, जुलाब होतात आणि औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंना मोकळे रान मिळते. फिनलंडमधील सुमारे १२ हजार बालकांच्या अभ्यासात (२०२१) नवजात अवस्थेत प्रतिजैविके मिळालेल्या मुलग्यांची उंची व वजन पहिल्या सहा वर्षांत किंचित कमी आढळले. मुलींमध्ये तसे आढळले नाही.

आतडे व मेंदू यांचा संबंध :
आतडे आणि मेंदू यांना जोडणारे मार्ग अनेक आहेत : व्हेगस ही चेतारज्जू, रोगप्रतिकारक यंत्रणा आणि जिवाणूंनी तयार केलेली मेदाम्ले. जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांमध्ये रक्त व मेंदू यांमधील संरक्षक अडसर अधिक सच्छिद्र राहतो, असे २०१४ मध्ये दिसून आले. तथापि उंदरावरून मानवी बालकाविषयी थेट अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.

मानवी अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. न्यूझीलंडमधील ८७१ मुलांच्या अभ्यासात (२०१७) पहिल्या वर्षातील प्रतिजैविकांचा वापर आणि पुढील बौद्धिक व वर्तनविषयक अडचणी यांत संबंध आढळला. याउलट दक्षिण कोरियातील राष्ट्रव्यापी अभ्यासात (२०२४) गर्भावस्थेतील वा अर्भकावस्थेतील प्रतिजैविके आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, भाषाविकार किंवा अपस्मार यांत एकंदरीत संबंध दिसला नाही. दीर्घकाळ औषध घेतलेल्या गटासारख्या काही उपगटांत मात्र जोखीम वाढलेली दिसली.

ही तफावत का? येथे संशोधनपद्धतीचा प्रश्न आहे. औषध आजारी बालकालाच दिले जाते. मग पुढील अडचण औषधामुळे, मूळ संसर्गामुळे की कुटुंबाच्या परिस्थितीमुळे, हे वेगळे कसे करावे? यासाठी एकाच मातेच्या दोन अपत्यांची, एक औषध घेतलेले व दुसरे न घेतलेले, अशी तुलना केली जाते. अशा तुलनेत पुष्कळदा संबंध क्षीण होतो. म्हणून 'प्रतिजैविकाने मूल मतिमंद होते' असे सांगणे अशास्त्रीय आहे. ज्या मातेने डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध दिले, तिच्यावर ते अन्यायकारकही आहे.

गडचिरोलीचा धडा :
औषध न दिल्याचे परिणाम मात्र निःसंशय आहेत. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांना जेंटामायसिनचे इंजेक्शन व को-ट्रायमोक्साझोलचे औषध देण्यात आले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा बालकांमधील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. येथे औषध तेच होते. निदान, मात्रा व देखरेख यांनी त्याला संजीवनी केले.

उपाययोजना :
१) सर्दी-पडसे बहुधा विषाणूजन्य असते, त्यासाठी प्रतिजैविकाचा आग्रह धरू नये.
२) जुलाबात जलसंजीवनी, झिंक व स्तनपान हेच मुख्य उपचार होत. रक्त पडत असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.
३) भुकटीत पाणी मिसळून केलेले औषध ठराविक दिवसच टिकते. उरलेली बाटली पुढील आजारात किंवा धाकट्या भावंडास देऊ नये.
४) दोन महिन्यांखालील बाळास ताप येणे, बाळाने दूध सोडणे, श्वास जलद होणे वा छाती आत ओढली जाणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे आणि दिलेले औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत द्यावे.

अनेक प्रतिजैविके २०१४ पासून 'एच-१' अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीस डॉक्टरांची चिठ्ठी व दुकानातील नोंद आवश्यक आहे. नियम आहे, तो पाळण्याची सवय रुजविणे बाकी आहे.

समारोप :
आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थी घरी धाकट्या भावंडांचे औषधपाणी पाहतात. काही जण लवकरच स्वतः पालक होतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात हा विषय अवश्य घ्यावा, परंतु भीती घालून नव्हे. भीतीपोटी आवश्यक औषध नाकारले गेले तर बालकाचा जीव जाईल; घाईपोटी अनावश्यक औषध दिले गेले तर तेच औषध खऱ्या गरजेच्या वेळी निष्प्रभ ठरेल. या दोहोंमधील विवेक शिकविणे हे अध्यापकाचे कार्य होय.