पांढऱ्या सॉसमधल्या गुठळ्या

एका शिक्षक-शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाक स्वतःच्या अंगावर घेतला. रोजच्या आमटी-भाताला फाटा देऊन मॅकरोनी, भाज्या आणि चीज यांची बेक्ड डिश करायचं ठरलं. कृती एका पुस्तकातून उतरवून घेतली होती. पंचवीस माणसं जेवायची, म्हणून सगळी मापं पाचपट केली. वेळ वाचवायचा म्हणून मैदा लोण्यात परतायची पायरी गाळली आणि तो थेट उकळत्या दुधात घातला. सॉसमध्ये बोराएवढ्या गुठळ्या झाल्या. चीज घालून सॉस चांगला खदखदवला, तर तेल सुटून वर तरंगायला लागलं. चीज पुरेना म्हणून किसून घातलेलं पनीर शेवटपर्यंत जसंच्या तसं राहिलं.

भूक लागलेली असल्यामुळे डिश संपली. पण जेवताना एका बाईंनी विचारलं, “सकाळी तुम्ही आम्हाला पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं शिकवलीत. मग या गुठळ्या का झाल्या, ते सांगा की!” आम्हाला सांगता आलं नाही. आयोडीनच्या थेंबानं पिष्ट निळं-काळं होतं, हे आम्ही दरवर्षी वर्गात दाखवतो. पण तेच पिष्ट पातेल्यात काय करतं, याचा विचार आम्ही कधी केलेला नव्हता.

घरी आल्यावर हाच पदार्थ आम्ही अनेकदा केला. दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं. तेव्हा लक्षात आलं, की कृतीतली प्रत्येक ओळ एका ‘का?’चं उत्तर असते. उत्तर माहीत नसलं, की ती ओळ गाळायचा मोह होतो.

आधी कृती

पाच-सहा जणांसाठी २०० ग्रॅम मॅकरोनी, ३०० ग्रॅम चिरलेल्या भाज्या (गाजर, फरसबी, फ्लॉवर, मटार), ३ मोठे चमचे लोणी, ३ मोठे चमचे मैदा, अर्धा लिटर दूध, १०० ग्रॅम किसलेलं चीज, मीठ, मिरपूड आणि मूठभर पावाचा चुरा घ्यावा.

मॅकरोनी दोन लिटर उकळत्या पाण्यात मीठ घालून शिजवावी आणि किंचित कच्ची असतानाच निथळावी. भाज्या अर्ध्याकच्च्या वाफवून कोरड्या कराव्यात. लोण्यात मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परतावा, रंग बदलू देऊ नये. थोडं थोडं दूध घालत, सतत ढवळत सॉस दाट करावा. गॅस बंद करून दोन तृतीयांश चीज त्यात मिसळावं. मग मॅकरोनी, भाज्या आणि सॉस एकत्र करून भांड्यात पसरावं. वर उरलेलं चीज आणि पावाचा चुरा घालून २०० अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये साधारण वीस मिनिटं, वरचा थर तांबूस होईपर्यंत भाजावं.

आता यातल्या ‘का?’कडे वळू.

मॅकरोनी किंचित कच्ची का ठेवायची?

चांगली मॅकरोनी ड्यूरम गव्हाच्या रव्यापासून करतात. हा गहू आपल्याला परका नाही. महाराष्ट्रात ज्याला आपण बन्सी म्हणतो, तो ड्यूरमच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याच्या काही जाती विकसित केल्या आहेत. आपल्याकडे शेवयांसाठी जो गहू निवडला जातो, तोच इटलीत पास्त्यासाठी निवडला जातो. कारणही एकच. या गव्हात प्रथिनं भरपूर असतात. पीठ मळताना त्यांची जाळी तयार होते. तिला ग्लुटेन म्हणतात. पिष्टाचे कण या जाळीत अडकलेले असतात. त्यामुळे पाण्यात उकळूनही मॅकरोनीचा लगदा होत नाही.

पाणी तापलं, की पिष्टाचे कण ते शोषून फुगतात. मॅकरोनीच्या पृष्ठभागावरचे कण आधी फुगतात आणि चिकट होतात. म्हणून पाणी भरपूर हवं आणि पहिली दोन मिनिटं ढवळायला हवं. पुढे ओव्हनमध्ये मॅकरोनी सॉसमधलं पाणीही पिते. आधीच पूर्ण शिजवली, तर शेवटी ती गिळगिळीत होते आणि सॉस कोरडा पडतो.

गुठळी कशी होते?

मैदा म्हणजे मुख्यतः पिष्ट. गव्हाच्या पिष्टाचे कण साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास झपाट्यानं फुगू लागतात. कोरड्या मैद्याचा ढीग उकळत्या दुधात पडला, की ढिगाच्या बाहेरचे कण क्षणात फुगतात. त्यांचा खळीसारखा चिकट लेप तयार होतो. या लेपातून दूध आत जाऊ शकत नाही. आतला मैदा कोरडाच राहतो. हीच गुठळी. आमची एक गुठळी सुरीनं कापून पाहिली, तर आत खरोखरच पांढरं कोरडं पीठ निघालं!

म्हणजे गुठळी टाळायची, तर कण फुगण्याआधी एकमेकांपासून सुटे करायला हवेत. लोणी हे काम करतं. परतताना प्रत्येक कणाभोवती स्निग्धाचा पातळ थर बसतो. मग दूध घातल्यावर कण सुटे राहून सगळे सारखे फुगतात. मैद्याचा कच्चट वासही परतल्यानं जातो.

दुसरा मार्गही आहे. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं. गार पाण्यात कण फुगत नाहीत, त्यामुळे ते सहज सुटे होतात. आपली आजी कढीला बेसन लावताना ते आधी गार ताकात कालवून घेते. पांढऱ्या सॉसचं आणि कढीचं शास्त्र एकच आहे.

चीज तेल का सोडतं? पनीर का वितळत नाही?

चीज म्हणजे केसीन या प्रथिनाची जाळी आणि तिच्यात अडकलेलं पाणी आणि स्निग्ध. गरम झाल्यावर आधी स्निग्ध वितळतं, मग जाळी सैल होते आणि चीज वाहू लागतं. इथपर्यंत ठीक. पण आच वाढवत नेली, की प्रथिनांचे रेणू एकमेकांना घट्ट बिलगतात आणि मधलं पाणी आणि स्निग्ध बाहेर पिळून काढतात. खाली चिवट गोळा, वर तेल! म्हणून चीज घालायचं ते गॅस बंद केल्यावर. सॉसमधलं फुगलेलं पिष्टही इथं मदत करतं. ते प्रथिनांना एकमेकांजवळ येऊ देत नाही.

आम्ही हौसेनं चेडर आणलं होतं. डब्यातलं किंवा चौकोनी वड्यांचं प्रोसेस्ड चीज असतं, तर एवढं तेल सुटलं नसतं. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीज सोडियम सायट्रेटबरोबर तापवून पाहिलं. हा क्षार केसीनशी जोडलेलं कॅल्शियम ओढून घेतो. कॅल्शियमची पकड सुटली, की केसीन पाणी आणि स्निग्ध या दोघांनाही धरून ठेवू शकतं. त्यामुळे असं चीज एकसारखं वितळतं.

मग पनीर? तेही दुधातल्या प्रथिनांचंच. फरक ते करण्याच्या रीतीत आहे. चेडरसाठी कोमट दूध रेनेट नावाच्या विकरानं विरजतात, तेव्हा बरंचसं कॅल्शियम केसीनबरोबर राहतं. पनीरसाठी जवळजवळ उकळतं दूध लिंबानं किंवा दुसऱ्या आम्लानं नासवतात. आम्लामुळे कॅल्शियम निवळीत निघून जातं. शिवाय एवढ्या उष्णतेनं निवळीतली प्रथिनंही उलगडून केसीनला चिकटतात. अशी जाळी तापवल्यावर सैल होत नाही. पनीर तव्यावर टाका, ते पाणी सोडतं, तांबूस होतं, पण वाहत नाही. भाजीतले पनीरचे तुकडे टिकतात ते याचमुळे. ज्या गुणासाठी आपण भाजीत पनीर घालतो, त्याच गुणानं आमच्या डिशमध्ये घात केला.

ओव्हन २०० अंशाला, मग आतली भाजी का करपत नाही?

हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. उत्तर पाण्यात आहे. डिशच्या आत भरपूर ओलावा असतो. तो असेपर्यंत आतलं तापमान १०० अंशाच्या वर जात नाही, कारण जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. वरचा थर मात्र लवकर कोरडा होतो आणि त्याचं तापमान चढू लागतं. साधारण १४० अंशाच्या पुढे प्रथिनं आणि शर्करा यांच्यात झपाट्यानं प्रक्रिया होऊन तांबूस रंग आणि खमंग वास येतो. १९१२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी या प्रक्रियेचं वर्णन केलं. तिला त्यांचंच नाव मिळालं. भाकरीवरचे डाग आणि पावाची कड यांच्यामागेही हीच प्रक्रिया आहे.

भाज्या कोरड्या करून घ्यायच्या, त्यामागे हेही एक कारण. त्यांना पाणी सुटलं तर सॉस पातळ होतो आणि वरचा थर ओलाच राहतो.

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर कोरडी वाळू तापवून तिच्यावर डिशचं भांडं ठेवता येतं. फक्त इथं उष्णता खालून येते, त्यामुळे वर रंग चढत नाही. कोकणात तवसळी भाजताना झाकणावरही निखारे ठेवत, ते वरून उष्णता मिळावी म्हणूनच. आम्ही सोपी वाट काढली. पावाचा चुरा तव्यावर थोड्या तुपात तांबूस परतला आणि शेवटी वर पसरला.

वर्गात करून पाहा

१. तीन वाट्यांत एकेक चमचा मैदा घ्या. पहिल्या वाटीत तो कोरडाच ठेवा, दुसरीत थोड्या गार पाण्यात कालवा, तिसरीत एक चमचा तेलात चोळा. तिन्हींत सारखंच कडकडीत पाणी घालून ढवळा आणि गुठळ्या मोजा. गरम पाणी शिक्षकांनीच ओतावं.

२. पहिल्या वाटीतली मोठी गुठळी कापून आत पाहा.

३. तव्यावर पनीर, चेडर आणि प्रोसेस्ड चीजचे सारख्या आकाराचे तुकडे ठेवा. मंद आचेवर दर मिनिटाला काय दिसतं, ते लिहून काढा.

४. ५० ग्रॅम मॅकरोनी शिजवून, निथळून पुन्हा तोला. वाढलेलं वजन कुठून आलं?

निकाल लिहिताना बिघडलेल्या प्रयोगांना गुण कमी करू नका. आमची पहिली डिश चांगली झाली असती, तर त्या बाईंनी प्रश्न विचारला नसता आणि गुठळीच्या आत काय असतं, हे आम्हाला आजही ठाऊक नसतं.