खाडीच्या वेळापत्रकावर

पलासिया चौकातून दक्षिणेकडे जाणारा एबी रोड आम्हा इंदूरकरांच्या इतका पायाखालचा की, त्याच्या नावातला ‘बी’ म्हणजे बॉम्बे हे लक्षातही राहत नाही. गीताभवन, नवलखा, राऊ असं करत हाच जुना आग्रा-मुंबई रस्ता पुढे मानपूरचा घाट उतरतो, खलघाटला नर्मदा ओलांडतो, बिजासनच्या घाटातून महाराष्ट्रात शिरतो आणि धुळे-नाशिक करत मुंबई गाठतो. पाठीवर एक सॅक, खिशात थोडे पैसे आणि एसटीने कोकणचा किनारा खाली उतरत जायचं, एवढंच ठरवून निघालो होतो. पलासियातून रात्रीच्या स्लीपरमध्ये बसलो. खलघाटच्या पुलावर गाडी आली तशी वरच्या बर्थवरच्या आजींनी खिडकीची काच सरकवली, नाणं टाकलं आणि ‘नर्मदे हर’ म्हणून पुन्हा आडव्या झाल्या.

मुंबईत फार वेळ काढला नाही. गेटवेहून लाँचने मांडवा, आणि लाँचच्याच तिकिटात धरलेल्या बसने अलिबाग. खरा पहिला दिवस सुरू झाला तो अलिबागच्या एसटी स्टँडवर.

एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासची योजना 1988 पासून आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि मन मानेल तिथे उतरायचं, चढायचं. परदेशात बॅकपॅकरांसाठी अशा ‘हॉप ऑन’ बस असतात, त्यांची आपल्याकडे फार वाहवा होते. आपल्या एसटीने हे काम किती वर्षं आधीपासून चालवलंय आणि त्याचा गाजावाजा किती कमी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुरूडची गाडी लागली. अलिबागहून दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणून मी धावत जाऊन ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी धरली. गावची माणसं मात्र एकेक करून डावीकडे बसली. दुपार कलली की उजवीकडून ऊन थेट तोंडावर येतं, हे रोज जाणाऱ्याला माहीत असतं.

कंडक्टरचं काम जवळून पाहायला हा रस्ता उत्तम. मास्तर एका हाताने वरचा दांडा धरून, मांडी सीटला टेकवून वळणावर तोल सांभाळत होते आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिकिटाच्या मशीनवर टकाटक आकडे दाबत होते. कोण कुठे उतरणार, हे निम्म्या लोकांना त्यांनी विचारलंच नाही. रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या कोळणींना बायकांचं अर्धं तिकीट फाडून दिलं. एकीने सुट्ट्यासाठी थांबवलं, तेव्हा म्हणाले, ‘मावशी, उतरताना घ्या, पळून नाही जात मी.’ माझा पास उलटसुलट पाहिला, इंदूर हे नाव ऐकलं आणि विचारलं, ‘पोहे सोडून इकडं कुठं आलात?’ मग स्वतःच उत्तर दिलं, ‘आगरदांड्याला उतरून पलीकडं जा. दिवस असेपर्यंत पोचाल.’

रेवदंड्यापर्यंत समुद्र दिसतच नाही. चौल, रेवदंडा हा सगळा वाड्यांचा पट्टा. नारळ-सुपारीच्या सावलीत रस्ता इतका अरुंद की समोरून दुसरी एसटी आली की एकीला मागे यावं लागतं. मग कुंडलिका नदीचा पूल येतो आणि साळाव ओलांडलं की कोर्लई. इथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. 1740 मध्ये पोर्तुगीजांनी हा मुलूख सोडला, बोली मात्र टिकली. कोर्लईपासून पुढे रस्ता पाण्याला भिडतो. बोर्ली, काशीद, नांदगाव. काशीदच्या सुरूच्या बनात पर्यटकांच्या गाड्यांची रांग होती. आमची बस तिथे एक म्हातारा आणि एक गॅस सिलिंडर उतरवण्यापुरती थांबली.

मुरूडला गाडी बदलून आगरदांडा. इथे रस्ता संपतो. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी. पाण्यावरून हे अंतर नजरेच्या टप्प्यातलं. रस्त्याने जायचं तर तळा, म्हसळा असा भलामोठा वळसा. म्हणून सगळे फेरीबोटीची वाट पाहतात.

बोट लागते ते पाहण्यासारखं असतं. जेटी म्हणजे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. भरती-ओहोटीत पाणी काही मीटर वरखाली होतं, त्यामुळे बोट दर वेळी उताराच्या वेगळ्या जागी टेकते. ओहोटी होती. उताराचा खालचा भाग उघडा पडून शेवाळाने हिरवा झाला होता. बोटीचा लोखंडी दरवाजा साखळ्यांवरून खडखडत खाली आला, काँक्रीटवर घासला, आणि एक खलाशी अनवाणी उडी मारून दोर घेऊन धावला. इंजिन चालूच. बोटीचं तोंड उताराला दाबून धरायला ते चालूच ठेवावं लागतं. आधी माणसं उतरली, मग दुचाकी, मग मोटारी. चढताना खलाशी हाताच्या खुणांनी गाड्या अशा लावतो की आरशांमध्ये चार बोटांची जागा उरते. एका बाजूला वजन जास्त झालं तर तो टेम्पोवाल्याला पुन्हा मागे घ्यायला लावतो आणि कोणी हुज्जत घालत नाही. खाडीच्या मध्यावर आलं की तोंडाशी जंजिऱ्याचा तट दिसतो, आणि दिघी बंदराच्या क्रेन्सही.

रेवस ते रेड्डी असा सलग सागरी महामार्ग व्हावा, ही कल्पना ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असतानापासूनची, म्हणजे 1980-82 ची. रस्ता बराचसा आहे, तुटतो तो खाड्यांवर. या खाडीवरच्या पुलाचंही नियोजन झालंय. तो झालाच पाहिजे. रात्री बाळंतीण घेऊन निघालेल्या माणसाला बोटीची वेळ विचारावी लागू नये. पण मला इथला किनारा कळला तो खाडीमुळेच. मोटारीतून समुद्र दिसतो. बसने आलेल्याला खाडी थांबवते, आणि थांबलं की पुढची माणसं दिसतात. शाळा सुटून पलीकडे घरी निघालेली मुलं, बर्फात सुरमई घेऊन चाललेला पोरगा, लग्नाच्या पत्रिका वाटणारे काका. सगळे एकमेकांना ओळखत होते. दोन्ही काठ मिळून त्यांचं एकच गाव असावं, असं बोलत होते.

दिघीहून मिळालेल्या गाडीने संध्याकाळी श्रीवर्धन. हे पेशव्यांचं, भट घराण्याचं मूळ गाव. इंदूरच्या माणसाला इथे येऊन वेगळंच वाटतं. बाजीरावाने मल्हाररावांना माळव्यात उभं केलं नसतं तर आमचं होळकरांचं इंदूर कुठून घडलं असतं? आणि तो बाजीराव 1740 मध्ये वारला तो नर्मदाकाठी रावेरखेडीला, आदल्या रात्री मी ओलांडलेल्या त्याच नदीवर. समुद्रकाठच्या या घरातला माणूस तिथवर घोड्यावर गेला होता.

स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारलं, ‘साहेब, उद्या बाणकोटकडे जायचं तर?’ त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘हरिहरेश्वरची मुक्कामी गाडी सकाळी इकडे येईल, तिच्या उलट दिशेची पकडा. बागमांडल्याला उतरा. पुढं तरीवर.’ मग मान वर केली. ‘आणि ओहोटी किती वाजता आहे, ते आधी कोणाला तरी विचारून घ्या.’