रेशनच्या पिशवीत काय यावे, हे ठरवतो कोण?



शिधापत्रिका आपल्या बहुतेकांच्या घरी आहे. पण कुणाची ट्रंकेत घडी घालून ठेवलेली, दाखल्यापुरती बाहेर निघणारी. तर कुणाच्या घरची चूल त्याच कागदावर पेटणारी. या दुसऱ्या घरातली बाई आज काय शिजवायचे ते ठरवते खरी, पण तिच्या चुलीपर्यंत काय पोचायचे ते सरकारचा नियम ठरवतो. काय मिळणार, किती मिळणार आणि कुठे मिळणार, अशी या नियमाची तीन टोके आहेत. ती नीट समजून घेतली पाहिजेत, कारण त्यातले एक टोक थेट आपल्या उसाच्या फडात येऊन पोचते.

कोठारात जे, तेच पिशवीत

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना लाल मिलो आठवत असेल. ज्वारीची भाकरी खाणारा आपला मुलूख, पण रेशनवर आला परदेशी मिलो. तो आवडतो का, पचतो का, असे कोणी विचारले नाही. होता तो वाटला, आणि भुकेल्या माणसाने तो खाल्ला. त्या वेळी दुसरा इलाजही नव्हता.

पुढे देशात धान्य मुबलक झाले, तरी रीत फारशी बदलली नाही. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. सरकार हमीभावाने प्रामुख्याने गहू आणि तांदूळ खरेदी करते, म्हणून कोठारात गहू-तांदूळ आणि म्हणून पिशवीतही गहू-तांदूळ. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दुकानावरच्या धान्याला हक्काचे रूप दिले, ही मोठी गोष्ट झाली. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य ठरले. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे मोफत देण्याचा निर्णय झाला. पण हक्काच्या यादीत नावे तीनच : तांदूळ, गहू आणि भरडधान्य. डाळ नाही, तेल नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल दिले होते, पण ते सणापुरते.

किती मिळणार, याचाही हिशेब करून बघा. अंत्योदयचे ३५ किलो घराला असतात, माणसाला नव्हे. दोन म्हातारी माणसे असतील तर भरपूर. पण खाणारी तोंडे आठ असतील तर माणशी साडेचार किलोसुद्धा भरत नाही. म्हणजे सर्वांत गरीब म्हणून ज्याला कार्ड दिले, त्याचेच कुटुंब मोठे असेल तर शेजारच्या प्राधान्य कुटुंबापेक्षा माणशी कमी मिळते.

साखरेची गोष्ट

या पिशवीत साखर होती ती आपल्याच कारखान्यांतून गेलेली. लेव्ही साखर हा शब्द जुन्या सभासदांना सांगायला नको. १९६७-६८ मध्ये अंशतः नियंत्रणाचे धोरण आले तेव्हा कारखान्याच्या साखरेतला ६० टक्के वाटा सरकारने ठरवलेल्या दराने लेव्हीत द्यावा लागे आणि उरलेली साखर खुल्या बाजारात विकता येई. लेव्हीचा दर बाजारापेक्षा कमी, म्हणजे त्याची झळ शेवटी उसाच्या दराला. तो वाटा कमी होत होत २००२ मध्ये १० टक्क्यांवर आला आणि रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर २०१३ मध्ये लेव्ही उठली.

कारखानदारीने सुटकेचा श्वास टाकला, आणि तो रास्तच होता. गरिबाला स्वस्त साखर द्यायची तर तिचा भार सरकारने उचलावा, एकट्या ऊस उत्पादकाने का? पण नाण्याची दुसरी बाजूही बघू या. लेव्ही गेल्यावर राज्यांनी बाजारातून साखर घ्यायची आणि केंद्राने किलोमागे १८ रुपये ५० पैसे अनुदान द्यायचे, असे ठरले. २०१७-१८ पासून ते अनुदान फक्त अंत्योदय कुटुंबांसाठी राहिले, महिन्याला घरटी एक किलो. प्राधान्य कुटुंबाच्या पिशवीतली साखर त्या अनुदानातून गेली. त्या घराला साखर लागेनाशी झाली होती, असे काही नाही. नियम बदलला, एवढेच.

अमेरिकेतही तेच कोडे

हे आपल्याकडेच असे होते असे समजू नका. १९३९ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी गरिबांसाठी अन्नाची तिकिटे निघाली. एक डॉलरची नारिंगी तिकिटे विकत घेतली की अर्ध्या डॉलरची निळी तिकिटे फुकट. नारिंगीवर कोणताही खाण्याचा जिन्नस घ्या. निळ्यावर मात्र शेतीखात्याने ‘जास्त पिकलेला’ म्हणून जाहीर केलेलाच माल, जसे अंडी, लोणी. गरिबाचे पोट भरायचे आणि शेतकऱ्याचा पडून राहिलेला मालही उचलायचा, असे दुहेरी काम.

आज तिकडे तिकिटांऐवजी कार्ड आहे. त्यावर दुकानातले बहुतेक खाद्यपदार्थ घेता येतात, परसात लावायला भाजीचे बियाणेसुद्धा घेता येते. दारू, तंबाखू, साबण, औषध चालत नाही. दुकानात तयार मिळणारे गरम जेवणही साधारणपणे चालत नाही. आता काही राज्ये साखर घातलेली पेये वगळू लागली आहेत. नेब्रास्का राज्याला मे २०२५ मध्ये अशी पहिली परवानगी मिळाली आणि १ जानेवारी २०२६ ही अंमलाची तारीख ठरली. एक बाजू म्हणते, सरकारी पैशाने मधुमेह कशाला विकत घ्यायचा? दुसरी म्हणते, श्रीमंताने काय प्यावे हे कोणी विचारत नाही, मग गरिबालाच का? दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे.

मग रोख पैसेच द्यावेत का? आपल्या राज्यात तोही प्रयोग झाला. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून सवलतीचे धान्य मिळे. २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये कुटुंबातल्या प्रमुख महिलेच्या बँक खात्यात देण्याचे ठरले, २०२४ मध्ये ते १७० झाले. पैशाने ज्वारी घ्या, डाळ घ्या, मोकळीक आहे. पण गहू ३० रुपये किलो असेल तर १५० रुपयांत ५ किलो येतो. ४० रुपये झाला की पावणेचार किलो. धान्याचा किलो बाजार चढला तरी किलोच राहतो. पैशाचे तसे नाही.

फडातल्या माणसाचे रेशन

आता राहिले तिसरे टोक : कुठे मिळणार? वर्षानुवर्षे नियम असा होता, की ज्या गावचे कार्ड त्याच गावचे दुकान. बीडकडचा ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतो आणि हंगाम संपल्यावर परततो. त्याचे कार्ड एका जिल्ह्यात आणि त्याची कोपी दुसऱ्या जिल्ह्यात. इथे तो दुकानातून विकतचे पीठ घेई, आणि तो खर्च उचलीत मिळे.

ऑगस्ट २०१९ पासून हे टोक सैल होऊ लागले. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत सुरुवातीच्या राज्यांमध्ये महाराष्ट्र आणि गुजरात होते. जून २०२२ पर्यंत सगळी राज्ये आली. अन्न सुरक्षा कायद्यातल्या कार्डावर, मशीनवर अंगठा लावून, कुठल्याही रास्त भाव दुकानात धान्य घेता येते. नवरा-बायकोने आपला वाटा इथे घ्यावा आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी उरलेला तिकडे घ्यावा, अशीही सोय आहे.

हिशेब मांडा. प्राधान्य कार्डावरची चार माणसे, माणशी ५ किलो, पाच महिने. एक क्विंटल धान्य होते. ३० रुपये किलो धरले तरी ३ हजार रुपये. हे काही दान नव्हे, त्यांच्या नावावरचे हक्काचे धान्य आहे.

पण कायदा कागदावर आणि टोळी पहाटेपासून फडात. दुकान उघडते तेव्हा कोयता चालू असतो. कोयत्याने बोटे झिजलेली, अंगठा मशीनला पटत नाही. कोणाची ई-केवायसी राहिलेली, कोणाच्या लेकराचे नाव कार्डात नाही. आणि दुकानदाराला आधी कळले नसेल तर माल कमी पडतो.

यात आपल्याला करता येण्याजोगे फार थोडे आहे, पण आहे. टोळी आली की मुकादमाकडून कोणाकोणाची कार्डे आहेत ते विचारून घ्यावे. किती कुटुंबे आली ते गावच्या रेशन दुकानदाराला आणि तहसीलच्या पुरवठा शाखेला वेळेवर कळवावे. आणि वाटपाच्या दिवशी टोळीला दोन तास मोकळे सोडावे. दोन तासांनी तोड काही फार मागे पडत नाही.

पिशवीत काय यावे हे आपल्या हातात नाही. हक्काची पिशवी रिकामी परत जाऊ नये, एवढे मात्र आपण नक्की पाहू शकतो.