गोळी चुकलेली लेकरं

मैत्रिणींनो, गूळ-साखर खाल्ल्यानं जंत होत नाहीत. उघड्यावरच्या शौचातून जंतांची अंडी मातीत मिसळतात. मळके हात, न धुतलेली भाजी यांतून ती पोटात जातात. एका जातीचा जंत तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि रक्त पितो. पोर खातं, पण अंगी लागत नाही.

१० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत, शाळेत गोळी फुकट मिळते. पण ऐन तेव्हाच ऊसतोड टोळ्यांची लेकरं फडावर असतात. कोपीजवळ ना संडास, ना नळ. वर गोळीही चुकते. म्हणून टोळी जाण्याआधीच गटाच्या बैठकीत या मुलांची यादी करा. परतल्यावर ती आशाताईंना द्या, गोळीचं विचारा. माती सगळ्यांची एकच आहे. एक लेकरू सुटलं, तर जंत पुन्हा सगळ्यांच्या दारी येतात.