पाणी पिऊन दार लावणारा शंकू

घरात कुठे पाइन कोन पडलाय का, शोधा बरं. शिमला, मनाली, नैनितालला जाऊन आलेल्या बऱ्याच घरांत तो असतो, शोकेसमध्ये धूळ खात. चीडच्या झाडाचा लाकडी शंकू, खवले छान उलगडलेले. सापडला? मग त्याला पातेल्यातल्या पाण्यात बुडवा. तो तरंगणार, म्हणून वर एक जड वाटी पालथी ठेवा आणि रात्रभर तसाच राहू द्या. आईने विचारलं काय चाललंय, तर सांगा, नाताळची तयारी.

खोटं नाहीच ते. नाताळात दारावर जे हिरवं गोल कडं टांगतात ना, रीथ, त्यात हे शंकू हमखास खोचलेले असतात. त्याचाच एक भाऊ टेबलावर आडवा ठेवतात आणि त्यावर मेणबत्त्या लावतात. या टेबलावरच्या कड्याची गोष्ट मोठी मजेची आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्‍रिश विखर्न नावाचे एक पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे. मुलं रोज विचारायची, "आज नाताळ आहे का?" रोज तेच उत्तर देऊन ते कंटाळले असणार! 1839 साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारसाठी मोठी पांढरी, बाकीच्या वारांसाठी छोटी लाल. रोज एक जास्त पेटवायची. न पेटलेल्या मोजल्या की नाताळ किती दिवसांवर आला ते कळतं. त्या वर्षी 1 डिसेंबरला रविवार होता. मग 24 तारखेपर्यंत मोठ्या किती आणि छोट्या किती? बोटांवर मोजा. (4 आणि 20. पण आधी मोजलंत ना?) हिरव्या फांद्या त्या चाकावर नंतर आल्या, आणि मेणबत्त्या कमी होत होत आता बहुतेक ठिकाणी चारच उरल्यात.

पण फांद्या फर, स्प्रूस, पाइन यांच्याच का? कारण सोपं आहे. डिसेंबरात तिकडे दुसरं हिरवं फारसं काही नसतंच. ओक, बीच, मॅपल सगळे पानं गाळून खराटे झालेले. थंडीत झाडाची खरी पंचाईत पाण्याची होते. जमिनीत पाणी असतं, पण गोठलेलं, आणि बर्फ काही मुळांना पिता येत नाही. अशा वेळी रुंद पानं ठेवली तर त्यांतून असलेलं पाणीही उडून जाईल. म्हणून बहुतेक झाडं पानंच टाकून देतात. फर-पाइन मंडळींनी वेगळी शक्कल काढली. पान सुईसारखं बारीक केलं, त्यावर मेणाचा थर दिला आणि ज्या छिद्रांतून वाफ बाहेर पडते ती पर्णरंध्रं खोल खड्ड्यात लपवली. पाणी वाचवायची ही इतकी पक्की सोय आहे, की फांदी झाडावरून तोडली तरी ती बरेच दिवस हिरवी राहते. रीथ टिकतं ते यामुळे.

झाली का रात्र? उघडा पातेलं.

शंकू मिटलेला! सगळे खवले एकमेकांवर गच्च. मोठा आणि जाड असेल तर अजून थोडा वेळ घेईल, पण मिटणार नक्की. आता त्याला उन्हात ठेवा. दोन-तीन दिवसांत पुन्हा उलगडेल. हे कितीही वेळा करा. आणि गंमत ही, की शंकू मेलेला आहे. त्यातली एकही पेशी जिवंत नाही. ना स्नायू, ना मेंदू, ना बॅटरी.

मग त्याला हलवतं कोण? प्रत्येक खवल्यात लाकडाचे दोन थर असतात. बाहेरच्या थरातले तंतू असे गुंडाळलेले असतात की ओले झाल्यावर तो लांबीत चांगलाच वाढतो. आतला थर जेमतेम वाढतो. बाहेरचा लांब झाला आणि आतला तेवढाच राहिला, तर खवला कुठे वळेल? आत. वाळला की उलटं, बाहेर. पटत नसेल तर वर्तमानपत्राची एक पट्टी घ्या, एका बाजूला सेलोटेप चिकटवा आणि कागदाची बाजू ओली करा. पट्टी आपोआप वळायला लागेल, कारण कागद फुगतो आणि टेप फुगत नाही. आता दुसरी पट्टी कागदाच्या आडव्या दिशेने कापून तेच करा. दोन्ही सारख्या वळत नाहीत! कागदातले तंतूही एका दिशेला जास्त झुकलेले असतात ना.

शंकूला या उघडझापीचा उपयोग काय? प्रत्येक खवल्यावर दोन बिया असतात, बहुतेक पाइनच्या बियांना पातळ पंख. पावसात त्या बाहेर पडल्या तर झाडाखालीच चिकटून बसतील. कोरड्या हवेत सुटल्या तर वाऱ्याबरोबर दूर जातील. हिमालयातला चीड एप्रिल-मेच्या रखरखीत उन्हात शंकू उघडतो. म्हणजे शंकू हवामान बघून दार उघडतो म्हणा ना. जर्मनीतल्या कोळशाच्या खाणींत एक कोटीहून जास्त वर्षांपूर्वीचे पाइनचे शंकू मिळाले. शास्त्रज्ञांनी ते ओले-कोरडे करून पाहिले, तर त्यांचे खवले तेव्हाही थोडेसे हलले. एक कोटी वर्षं! आपल्या घरातलं दार एका पावसाळ्यात फुगतं आणि मग बंदच होत नाही.

आता रीथ करू. आपल्याकडे फर कुठून आणायचा? आणूच नका, सुरू चालेल. वसईला सुरूची बाग आहे, अलिबाग-दापोलीकडेही किनाऱ्याला सुरूची बनं आहेत. वाऱ्याने मोडून पडलेल्या हिरव्या फांद्या उचला, झाड ओरबाडू नका. तारेचा जुना हँगर मोठ्यांकडून ओढून गोल करून घ्या. फांद्यांच्या वीतभर जुड्या करा. पहिली जुडी सुतळीने तारेवर बांधा. दुसरी अशी ठेवा की तिच्या शेंड्याखाली पहिलीची देठं झाकली जातील. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. एवढं एक सांभाळलंत की कडं आपोआप सुबक होतं. लाल रंगासाठी रिबीन लावा, सुक्या मिरच्या लावा (आणि मग डोळे चोळू नका!), पण गुंजा मात्र मुळीच नकोत. त्या सुंदर दिसतात आणि तेवढ्याच विषारी असतात. मेणबत्त्याही या कड्यावर नकोत. वाळत चाललेला पाला भुर्रकन पेटतो, बॅटरीचे दिवे बरे.

जाता जाता एक गुपित फोडतो. सुरू पाइनसारखा दिसतो, त्याला छोटे काटेरी शंकूही येतात, किनाऱ्यावर अनवाणी चालणाऱ्यांना ते चांगलेच ठाऊक असतात. पण सुरू पाइनचा कोणीच लागत नाही! तो फुलं येणाऱ्या झाडांपैकी, अक्रोड आणि ओक यांचा लांबचा नातेवाईक. आणि त्याची ती सुईसारखी पानं? ती पानंच नाहीत, हिरव्या काड्या आहेत. एक काडी डोळ्यांजवळ धरा. थोड्या थोड्या अंतरावर सांधे दिसतील आणि प्रत्येक सांध्याभोवती सात-आठ बारीक दातांचं कडं. ते दात म्हणजे खरी पानं. पर्णरंध्रं कुठे? काडीवरच्या खाचांत लपवलेली. नातं नाही, गाव वेगळं, एकाचा त्रास बर्फाचा आणि दुसऱ्याचा खाऱ्या वाऱ्याचा आणि वाळूचा, पण पाणी वाचवायची युक्ती दोघांनाही एकच सुचली.

रीथ बांधून झालं की उरलेल्या काड्या फेकू नका. एक काडी सांध्यावर हळूच ओढून सोडवा, दात जुळवून पुन्हा तशीच बसवा, आणि बाबांपुढे धरून विचारा, "सांगा, कुठे तोडलीय?" ते ओळखतात का बघा.