आई-बाबांना कायमचं परदेशात न्यायचंय? फी सोडून बाकीचा हिशोब आधी मांडा

मुलगा किंवा मुलगी परदेशात स्थिरावली, घर घेतलं, नातवंडं शाळेत जाऊ लागली की एक विषय हमखास निघतो. "आता तुम्ही तिकडे एकटे कशाला राहता? इकडेच या कायमचे." बोलावणं मनापासूनचं असतं. मग गुगलवर शोध सुरू होतो आणि सगळे एकच प्रश्न विचारतात, फी किती? खरं सांगायचं तर फी हा या प्रवासातला सगळ्यात छोटा खर्च आहे. मोठा खर्च कागदावर सही केल्यानंतर सुरू होतो. आपण मुख्यतः अमेरिकेचं उदाहरण घेऊन समजून घेऊया.

कोण बोलावू शकतं?

अमेरिकेत आई-वडिलांना कायमचं बोलावण्यासाठी तुम्ही तिथले नागरिक असायला हवं आणि वय किमान २१ वर्षं हवं. फक्त ग्रीन कार्ड असेल तर आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. चांगली गोष्ट अशी की नागरिकांच्या आई-वडिलांसाठी वर्षाला ठरावीक संख्येची मर्यादा नाही. त्यामुळे भावंडांसाठी लागते तशी वर्षानुवर्षांची रांग इथे नसते. मात्र आईचा अर्ज वेगळा आणि बाबांचा वेगळा. एकाच्या अर्जात दुसऱ्याचं काम होत नाही.

दिसणारा खर्च

एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार पहिला अर्ज, म्हणजे फॉर्म आय-१३०, ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर आणि कागदावर भरला तर ६७५ डॉलर. पुढे व्हिसा अर्जाचे ३२५, आर्थिक हमीची कागदपत्रं तपासण्याचे १२० आणि व्हिसा मिळाल्यावर ग्रीन कार्डसाठी २३५ डॉलर. म्हणजे ऑनलाइन अर्ज धरून एका पालकामागे १,३०५ डॉलर, दोघांचे २,६१०. वैद्यकीय तपासणी, लसी, पोलिसांचा दाखला, विमानाची तिकिटं आणि वकील केला तर त्याची फी हे सगळं वेगळं. दर बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर एकदा नक्की बघा.

कागदपत्रांत अडकणारी गाडी

मराठी घरांमध्ये इथे एक खास अडचण येते. आईसाठी अर्ज करताना तुमच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव लागतं. पण आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नाही, कधीकधी पहिलं नावही बदलायची पद्धत होती. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, तुमच्या जन्मदाखल्यावर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं! बाबांसाठी अर्ज करताना दोघांच्या लग्नाचा दाखलाही लागतो. ४०-५० वर्षांपूर्वी लग्न कार्यालयात झालं, पत्रिका छापली, फोटो काढले, पण नोंदणी कुणी केलीच नाही.

यावर उपाय आहेत. लग्नाची नोंदणी उशिरानेही करता येते. आई-बाबांचा स्वतःचा जन्मदाखला नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि सोबत नातेवाइकांचं प्रतिज्ञापत्र देता येतं. पण यात महिने जातात. म्हणून अर्ज करायचा विचार पक्का झाला की पहिलं काम हेच हाती घ्या.

खरी जबाबदारी: एक सही

स्पॉन्सरला फॉर्म आय-८६४ वर सही करावी लागते. ही नुसती औपचारिकता नाही, कायद्याने बांधणारी हमी आहे. तुमचं उत्पन्न सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असायला हवं. तुम्ही दोघं, दोन मुलं आणि येणारे आई-बाबा अशा सहा जणांच्या घरासाठी २०२५ च्या आकड्यांनुसार ते वर्षाला साधारण ५४ हजार डॉलर होतं. कमी पडलं तर दुसरी व्यक्ती सह-स्पॉन्सर होऊ शकते, पण मग तीही तितकीच बांधली जाते.

ही हमी कधी संपते? आई-बाबा अमेरिकेचे नागरिक झाले, त्यांच्या खात्यावर साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद झाली, ते ग्रीन कार्ड सोडून कायमचे परतले किंवा त्यांचं निधन झालं, तरच. तुमची नोकरी गेली म्हणून ती संपत नाही. कॅनडात तर आई-वडिलांना कायम बोलावताना, क्विबेक वगळता, तब्बल २० वर्षांची हमी द्यावी लागते.

सगळ्यात मोठा आकडा: दवाखाना

अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्यांसाठी मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना आहे. पण नव्याने आलेल्या आई-बाबांना ती लगेच मिळत नाही. ग्रीन कार्ड घेऊन सलग पाच वर्षं तिथे राहावं लागतं. त्यानंतरही तिथे नोकरी केलेली नसल्याने पूर्ण हप्ता भरावा लागतो. २०२५ मध्ये हॉस्पिटलच्या भागासाठी महिन्याला ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागासाठी १८५ डॉलर, म्हणजे एका माणसामागे महिन्याला ७०३ डॉलर. पहिली पाच वर्षं खासगी विमा घ्यावा लागतो आणि वय वाढतं तसा त्याचा हप्ताही वाढतो. बाबांना मधुमेह असेल, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन टेकलं असेल, तर हा हिशोब सगळ्यात आधी करा.

भारतातल्या पैशांचं काय?

ग्रीन कार्ड मिळालं की आई-बाबांना जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या कर विवरणपत्रात दाखवावं लागतं. यात इथली पेन्शन, घरभाडं, मुदत ठेवींचं व्याज सगळं आलं. शिवाय भारतातल्या खात्यांची एकत्रित रक्कम वर्षात एकदाही १० हजार डॉलरच्या वर गेली तर त्याची माहिती दरवर्षी तिथल्या सरकारला द्यावी लागते. आयुष्यभराची बचत करणाऱ्या निवृत्त शिक्षकाच्या ठेवीसुद्धा ही मर्यादा सहज ओलांडतात! माहिती दिली नाही तर दंड होऊ शकतो.

इकडे बँकेचं साधं बचत खातं अनिवासी भारतीयांच्या एनआरओ खात्यात बदलावं लागतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवी गुंतवणूक करता येत नाही. गावाकडची वडिलोपार्जित शेती ठेवता येते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही.

कायमचं जाणं हाच एक मार्ग आहे का?

नाही. बऱ्याच आई-बाबांना मनातून "सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे" हवं असतं. ग्रीन कार्ड त्यासाठी नाही. सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलं तर परत येताना प्रश्न विचारले जातात आणि पूर्वपरवानगीशिवाय वर्षभर बाहेर राहिलं तर ते कार्ड परतीच्या प्रवासाला चालत नाही. अशांसाठी पर्यटक व्हिसावर भेटी देणं जास्त सोयीचं. कॅनडात यासाठी सुपर व्हिसा आहे. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, मात्र किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा घ्यावा लागतो.

एक लक्षात ठेवा. कायमच्या वास्तव्याचा अर्ज दाखल झाल्यावर पर्यटक व्हिसा मिळणं अवघड होऊ शकतं. म्हणून आधी एकदा आई-बाबांना भेटीसाठी नेऊन आणा आणि जमलं तर हिवाळ्यात न्या. गाडी चालवता येत नसताना, बर्फ पडत असताना, सगळे ऑफिस-शाळेत गेल्यावर दुपार कशी जाते ते त्यांनाच अनुभवू द्या.

शेवटी त्यांना विचारा

आई-बाबांना "येणार ना?" असं विचारलंत तर ते तुमचं मन राखायला हो म्हणतील. त्याऐवजी विचारा, "इथलं काय सोडवणार नाही तुम्हाला?" उत्तरात कदाचित सकाळची बाग असेल, भजनी मंडळ असेल, ओळखीचे डॉक्टर असतील. ती यादी समोर ठेवा आणि शेजारी वरचे आकडे लिहा. सही तुमची असली तरी आयुष्य त्यांचं बदलणार आहे, म्हणून हा कागद त्यांच्यासोबत बसूनच भरा.