अंबरनाथचे शिवालय

कल्याणहून कर्जतकडे निघालेली आगगाडी विठ्ठलवाडी व उल्हासनगर ही स्थानके मागे टाकून अंबरनाथला येते. या गावाच्या पूर्वेस, वालधुनी नदीच्या काठी, काळ्या दगडाचे एक प्राचीन शिवालय उभे आहे. पांडवांनी ते एका रात्रीत बांधले, अशी लोककथा आहे. मंदिरातील शिलालेख मात्र निराळी हकीकत सांगतो. त्यावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काल कोरलेला आहे. त्या वेळी उत्तर कोकणात शिलाहार राजा माम्वाणी राज्य करीत होता.

मंदिराचे मुख पश्चिमेस आहे. पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन दिशांना मुखमंडप आहेत. त्यांतून आत गेले की सभामंडप लागतो. मधल्या कोरीव खांबांनी त्याचे छत तोलून धरले आहे. दगडांची वर्तुळे एकावर एक, थोडी थोडी आत सरकवून रचल्यामुळे छताला घुमटाचा आकार आला आहे. सभामंडपापलीकडे गाभारा आहे. पण तेथे जाण्यास पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, तर उतराव्या लागतात! बाहेरचा लख्ख प्रकाश मंडपात मंदावतो आणि खाली, शिवलिंगापाशी, मन आपोआप शांत होते.

त्याच शतकात दूर इंग्लंडमध्ये गावोगावी दगडी चर्चे बांधली जात होती. तेथे सारा गाव एकत्र जमून प्रार्थना करी. म्हणून त्यांचे दालन लांबट व मोठे असे. आपल्याकडे भक्त एकेकटा दर्शन घेतो आणि देवाला प्रदक्षिणा घालतो. म्हणून गाभारा लहान असला तरी चालतो. ज्या रीतीची उपासना, त्या रीतीची इमारत, हेच खरे.

शिल्पकारांनी आपले कौशल्य ओतले ते बाहेरच्या भिंतींवर. हत्तींच्या रांगा, देवदेवता, नर्तिका यांनी त्या गजबजलेल्या आहेत. भिंतींना जागोजागी कोन काढल्याने दिवसभर ऊन-सावलीचा खेळ चालतो आणि मूर्ती जणू सजीव होतात. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी ही भिंतच पोथी होती. शिखर भूमिज पद्धतीचे असून लहान लहान शिखरांच्या ओळींनी ते रचलेले होते. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिरही याच पद्धतीचे आहे.

आज अंबरनाथच्या शिखराचा माथा उरलेला नाही. अनेक मूर्तींचे चेहरे ऊनपावसाने झिजले आहेत. सांडपाण्याने वालधुनीही दूषित झाली आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण या वास्तूचे रक्षण करते. परंतु महाशिवरात्रीच्या यात्रेत लोटणाऱ्या हजारो हातांवर पहारा कोण ठेवणार? दगडावर नाव कोरण्यास क्षण पुरतो. झिजलेली मूर्ती मात्र पुन्हा घडवता येत नाही. नऊशेहून अधिक वर्षे टिकलेली ही पोथी पुढील पिढीच्या हाती सुखरूप देणे, हे आपले कर्तव्य होय.